जुन्या वॉशिंग मशीनला स्वतःचं कार्ड कसं बसवावं

बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घरी १९९९ सालचं एक टॉप-लोड मशीन आहे. पत्रा जाड, टब स्टेनलेस स्टीलचा, मोटार अजून गरगर फिरते. पाच वर्षांपूर्वी व्होल्टेज चढला आणि आतलं कार्ड, म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, काळं पडलं. मेकॅनिक आला, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाला, "कार्ड सिगंगिल्ल री." मिळत नाही. भंगारात घाला. आईला ते पटलं नाही, मलाही नाही. शेवटी त्याच मशीनला मी हाताने केलेलं कार्ड बसवलं आणि आज रोजचं धुणं त्यावरच होतं.

खरं सांगायचं तर कार्ड जळायच्या आधीही ते मशीन आमच्या घराला नीट मानवत नव्हतं. कंपनीचा प्रोग्रॅम धरून चालतो की नळ उघडला की जोरात पाणी येणार आणि वीज तासभर टिकणार. बेळगावात २००८पासून काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आलं, पण बाकीच्या गल्ल्यांत आणि भोवतालच्या गावांत राकसकोप धरणाचं असो, हिडकल धरणाचं असो की बोअरचं, पाणी आधी टाकीत साठतं आणि मग मशीनला मिळतं. टाकी मशीनच्या डोक्यावर जेमतेम दीड-दोन मीटर. अनेक मशीनच्या इनलेट व्हॉल्वला किमान ०.३ बार दाब लागतो, म्हणजे पाण्याची टाकी ३ मीटर वर हवी. पाणी हळू भरलं की जुनं कार्ड "पाणी नाही" म्हणून शिट्टी मारायचं आणि आईला बादलीने पाणी ओतून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. मशीन घराच्या पाण्या-विजेप्रमाणे चालावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप मला करावासा वाटला. तुमच्याही घरात असं धडधाकट मशीन निव्वळ कार्डापायी बंद पडलं असेल, तर पुढचं वाचा.

कोणतं मशीन घ्यावं, कोणतं सोडावं

सेमी-ऑटोमॅटिकचा फक्त टायमर गेला असेल तर नवा टायमर घाला, पाच मिनिटांचं काम आहे. टॉप-लोडचं कार्ड गेलं असेल आणि तुम्हाला फक्त मशीन चालू व्हायला हवं असेल, तर बाजारात युनिव्हर्सल कार्ड मिळतं, ते बसवून मोकळे व्हा. स्वतः कार्ड करायचं ते पाण्याचं, वेळेचं, वीज गेल्यावर काय करायचं याचं गणित आपल्या मनासारखं हवं असेल तेव्हाच.

फ्रंट-लोडला नवख्याने हात लावू नये. जुन्या फ्रंट-लोडमध्ये ब्रशची मोटार असते, तिचा वेग सतत मोजून आवरावा लागतो, शिवाय दोन किलोवॅटच्या आसपासचा हीटर असतो. पहिल्या कामाला टॉप-लोड किंवा सेमी-ऑटोमॅटिकच घ्या. त्यांची मोटार साधी इंडक्शनची असते, कपॅसिटर लावून दोन्हीकडे फिरणारी.

आधी यांत्रिक तब्येत बघा. टब हाताने फिरवा. खरखर आली तर बेअरिंग गेलंय. खाली गंजाचे ओघळ दिसले तर सील गेलंय. आपल्याकडे ही दुखणी फार मोठी नाहीत, कारण उद्यमबागेत लेथवर बुश करून देणारे हात अजून आहेत आणि शेतपंपाच्या मोटारी बांधणारे वाइंडिंगवाले निपाणीपासून खानापूरपर्यंत भेटतात. पण गिअरबॉक्सच झिजला असेल तर त्या मशीनवर आपलं कार्ड वाया घालवू नका.

तारांना हात लावण्याआधी

प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही, कारण आपल्याकडच्या कितीतरी सॉकेटांत फेज आणि न्यूट्रल उलटसुलट असतात. मग मोटारीचा कपॅसिटर, मेकॅनिकच्या भाषेत कंडेन्सर, एखाद्या १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने उतरवा. स्क्रूड्रायव्हर आडवा धरून ठिणगी पाडू नका. कपॅसिटर बिघडतो आणि हातही भाजतो.

अर्थिंग हा माझ्या दृष्टीने या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. पाणी, पत्रा आणि अनवाणी पाय हे तिन्ही मशीनपाशी एकत्र असतात. खानापूरकडच्या जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा वाळून जातो आणि अर्थ नावाला उरतो. वायरमनकडून तपासून घ्या, खड्ड्यात पाणी घालत जा आणि मशीनच्या सॉकेटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. हे झालं नसेल तर पुढचं काम सुरूच करू नका.

एक धोका फार कमी जण सांगतात. बऱ्याच जुन्या कार्डांत ५ व्होल्टची बाजू थेट घरच्या २३० व्होल्टच्या लाइनला जोडलेली असते, मध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. म्हणून जुन्या कार्डातून ५ व्होल्ट उचलून आपल्या आर्डुइनोला (नव्या कार्डाचा प्रोग्रॅम चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) देऊ नका आणि जुन्या कार्डाला लॅपटॉप तर कधीच लावू नका. आपला ५ व्होल्टचा पुरवठा वेगळा आणि आयसोलेटेड, म्हणजे लाइनशी थेट न जोडलेला, हवा. ५ व्होल्ट, ३ वॅटचं तयार मॉड्यूल मिळतं, ते ६०० मिलिअँपिअर देतं. चार रिलेंना (छोट्या करंटने चालू-बंद होणारे स्विच) साधारण ३०० लागतात, म्हणजे पुरतं. प्रोग्रॅम भरताना मात्र मशीनचा प्लग काढूनच ठेवा.

कोणती तार कशाची

जुनं कार्ड उतरवण्यापूर्वी प्रत्येक तारेचे फोटो काढा, चिकटपट्टीवर नाव लिहून तारेला गुंडाळा. मग मल्टिमीटर ओहमवर लावा.

मोटारीच्या तीन तारा असतात. दोन-दोन करून तिन्ही जोड्या मोजा. माझ्या मोटारीत २४, २४ आणि ४८ ओहम आले. दोघांशी सारखंच माप दाखवणारी तार ती कॉमन. उरलेल्या दोन टोकांमध्ये कपॅसिटर बसतो. फेज एका टोकाला दिला की मोटार उजवीकडे, दुसऱ्याला दिला की डावीकडे. इनलेट व्हॉल्वची कॉइल साधारण ४ किलोओहमच्या आसपास दाखवते.

ड्रेनची मोटार किंवा सोलेनॉइड नीट पाहा. त्यावरचा शिक्का वाचा. काही मशीनमध्ये ती डीसीवर चालते आणि तिच्यासाठी जुन्या कार्डावर एसीचा डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर असतो. तसं असेल तर आपल्यालाही तो घालावा लागेल. टॉप-लोडमध्ये ही एक वस्तू दोन कामं करते: पाणी सोडते आणि क्लच ओढून टबाचा ब्रेक सोडते. ती ओढली गेल्याशिवाय पिळणं सुरू केलं तर फक्त तळातला पल्सेटर (पाणी घुसळणारी चकती) फिरेल. सावकाश ओढणाऱ्या मोटारीला काही सेकंद लागतात, म्हणून मी १० सेकंद थांबतो.

पाणी किती भरलं हे कसं कळणार

टबाच्या तळापासून एक बारीक रबरी नळी वर जाते. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते. जुन्या मशीनमध्ये या हवेने एक साधा स्विच दाबला जातो. नळीत हलकं फुंकलं की "टक" आवाज येतो. तो स्विच चांगला असेल तर तोच वापरा, आर्डुइनोच्या एका पिनवर जोडा, काम झालं.

नंतरच्या मशीनमधला सेन्सर फ्रिक्वेन्सी देतो आणि पाणी चढेल तशी ती उतरते. आर्डुइनोने ती मोजता येते. मी मात्र तो बाजूला ठेवून एमपीएक्स५०१० हा प्रेशर सेन्सर नळीला लावला. तो ० ते १० किलोपास्कल मोजतो आणि दर किलोपास्कलला ०.४५ व्होल्ट वाढवतो. १० सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळजवळ १ किलोपास्कल. आर्डुइनो नॅनोवर दिसणारा आकडा दर सेंटिमीटरला साधारण ९ने वाढतो. बादलीने मोजून पाणी ओता, प्रत्येक बादलीला आकडा लिहून ठेवा. तुमच्या टबाचा तक्ता तयार.

याचा फायदा आमच्या घरात रोज दिसतो. पाणी हळू येतंय की आलंच नाही, हा फरक माझ्या प्रोग्रॅमला कळतो. आकडा सरकत असेल तर वेळ लागला तरी तो वाट पाहतो. ५ मिनिटांत आकडा हललाच नाही तर व्हॉल्व बंद करून बझर वाजवतो. मग आई बादलीने पाणी ओतते आणि पातळी आली की मशीन आपोआप पुढे जातं.

नळीला उंदराने कुरतडलं नाही ना, हे दर पावसाळ्याआधी पाहा. बारीक भोक पडलं तरी हवा सुटते, पातळी कमी दिसते आणि पाणी टबाबाहेर येतं. माझ्याकडे हे एकदा झालं आहे. म्हणून व्हॉल्व एकूण किती मिनिटं उघडा राहू शकतो याची मर्यादाही प्रोग्रॅममध्ये ठेवा.

मोटार कशी चालू-बंद करायची: इथे घाई नको

पहिल्यांदा मी सगळ्यांसारखे निळे १० अँपिअरचे रिले लावले. पाच महिन्यांत मोटारीचा रिले चिकटला. कारण नंतर कागदावर मांडलं तेव्हा उघड दिसलं.

माझा पल्सेटर १.२ सेकंद फिरतो, ०.८ सेकंद थांबतो. म्हणजे २ सेकंदाला एक झटका. धुणं १२ मिनिटं आणि दोनदा खळबळणं ४-४ मिनिटं, एकूण २० मिनिटं. झाले ६०० झटके. अशा रिलेचं पूर्ण भारावरचं आयुष्य साधारण १ लाख वेळांचं असतं. भागाकार केला तर १६६ धुणी. रोजचं एक धरलं तर साडेपाच महिने.

पण तोच रिले भार नसताना, म्हणजे वीज वाहत नसताना, हलवला तर साधारण १ कोटी वेळा टिकतो. म्हणून काम वाटून द्या. वीज जोडायचं-तोडायचं काम ट्रायॅकला (हलता भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि दिशा बदलायचं काम रिलेला. क्रम कायम असा: ट्रायॅक बंद, थोडं थांबा, रिले हलवा, पुन्हा थोडं थांबा, ट्रायॅक चालू. रिलेच्या तोंडाशी ठिणगी पडतच नाही.

दिशेसाठी एकच चेंजओव्हर रिले घ्या. मधल्या टर्मिनलला फेज, एका बाजूला मोटारीचं एक टोक, दुसऱ्या बाजूला दुसरं. दोन वेगळे रिले लावले आणि प्रोग्रॅमच्या चुकीने दोन्ही एकदम चालू झाले, तर कपॅसिटर शॉर्ट होऊन कॉन्टॅक्ट चिकटतात. एकाच रिलेत ही चूक होणंच शक्य नाही. दोन ट्रायॅकचा आराखडा कुणी दाखवला तर लक्षात ठेवा, तिथे बंद असलेल्या ट्रायॅकवर कपॅसिटरचा व्होल्टेजही चढतो आणि ६०० व्होल्टचा नग टिकत नाही.

माझ्याकडे बीटीए१६-६०० ट्रायॅक आहे, त्याला एमओसी३०४१ ऑप्टोकपलर (आर्डुइनोचा इशारा तार न जोडता प्रकाशाने ट्रायॅककडे नेणारा भाग), ऑप्टोच्या आतल्या एलईडीला २२० ओहम. बीटीए मालिकेत पाठीची पट्टी आतून इन्सुलेटेड असते, म्हणून नवख्याने तीच घ्यावी. २ अँपिअरला साधारण २ वॅट उष्णता होते, तळहाताच्या निम्म्या आकाराचा ॲल्युमिनियमचा तुकडा पुरतो. १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ वर्गाचा कपॅसिटर एकमेकांशी सिरीजमध्ये जोडा आणि ती जोडी ट्रायॅकला समांतर लावा. साधा कपॅसिटर तिथे लावू नका. लाइनवर २७५ व्होल्टचा एमओव्ही (व्होल्टेजचा झटका शोषणारा भाग) आणि त्याच्या आधी फ्यूज. आमच्याकडे व्होल्टेजचे झटके पाहता हे दोन सोडून चालत नाही.

सेमी-ऑटोमॅटिकमध्ये झटके लांब असतात, म्हणून तिथे ट्रायॅकऐवजी चांगला १६ अँपिअरचा रिले चालतो.

आता सुरक्षेचा धागा. ट्रायॅक बिघडला की बहुधा शॉर्ट होतो, म्हणजे मोटार थांबतच नाही. म्हणून सगळ्याच्या आधी एक मुख्य रिले ठेवा आणि त्याच्या कॉइलची ५ व्होल्टची तार झाकणाच्या स्विचमधून न्या. स्विचच्या जुन्या तारा आधी पूर्ण सोडवून घ्या. झाकण उघडलं की प्रोग्रॅम काहीही म्हणो, मुख्य रिले सुटतो, मोटार थांबते, क्लच सुटतो आणि ब्रेक लागतो. लहान मुलं असलेल्या घरात फिरत्या टबावर हात जाऊ शकतो. तो हात वाचवण्याचं काम प्रोग्रॅमच्या भरवशावर सोडू नका.

प्रोग्रॅम

सुरुवातीला आर्डुइनो नॅनो किंवा उनो पुरे. ईएसपी३२ हा वायफायचा बोर्ड घेऊन मोबाइलवर मशीन चालवायचा मोह होतो, मलाही झाला. पण आधी महिनाभर साधं धुणं न चुकता होऊ द्या.

प्रोग्रॅम टप्प्यांत लिहा: भर, धू, सोड, भर, खळबळ, सोड, पिळ, संपलं. प्रत्येक टप्पा कधी संपतो आणि फार वेळ झाला तर काय करायचं, या दोन गोष्टी प्रत्येकाला ठरवून द्या. लांब डिले वापरू नका. प्रोग्रॅम थांबून राहिला तर झाकण आणि पातळीकडे कोण बघणार?

तयार रिले-मॉड्यूल बहुतेक उलटे चालतात, पिन लो झाली की रिले चालू. पिन आउटपुट करण्याआधी तिच्यावर हाय लिहा, नाहीतर मशीन सुरू होताना सगळे रिले एकदा खटकतात.

वॉचडॉग लावा. आर्डुइनो अडकला तर ८ सेकंदांत तो पुन्हा सुरू होतो. स्वस्त नॅनोवर जुना बूटलोडर (बोर्ड सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) असतो आणि वॉचडॉग लागला की तो रिसेटच्या फेऱ्यात सापडतो. उनोचा ऑप्टिबूट हा बूटलोडर त्यावर चढवला की हे थांबतं.

वीज जाण्याची सोय ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, करा. टप्पा बदलला की त्याचा नंबर तिथे लिहायचा. एक जागा १ लाख वेळा लिहिता येते. दिवसाला दहा टप्पे म्हटलं तरी २७ वर्षं झाली. वीज परत आली की माझं मशीन एक मिनिट थांबतं, कारण येतानाचा व्होल्टेज डळमळीत असतो. झाकण बंद असेल तर धुणं सोडलं तिथून पुढे चालू. पिळताना वीज गेली असेल तर मात्र थेट पिळायला सुरुवात करत नाही, आधी पाणी सोडतं आणि बटण दाबायची वाट पाहतं.

पिळताना इंडक्शन मोटारीचा वेग हळूहळू वाढवता येत नाही. ३ सेकंद चालू, ६ सेकंद बंद, असं पाच-सहा वेळा करा, कपडे टबाच्या भिंतीला सारखे बसतात. मग सलग पाच मिनिटं. टब एकाच दिशेने पिळतो. कोणत्या, ते क्लचवरून ठरतं. दिशा चुकली तर टब वेग घेत नाही. कणकुंबी, जांबोटीकडे पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. तिकडच्या घरासाठी मी एक वेगळं बटण दिलं: पिळ, दोन मिनिटं थांब, पुन्हा पिळ. आणखी एक बटण शेवटचं खळबळलेलं पाणी न सोडता राखून ठेवतं. ते पाणी बादलीने काढून पुढच्या धुण्याला किंवा अंगण धुवायला जातं.

बटणांचंही सांगतो. सोळा अक्षरांच्या एलसीडीवर देवनागरी नीट येत नाही, नव्याने घडवलेली फक्त आठ चिन्हं त्यात मावतात. आई मराठी वाचते, कामाला येणाऱ्या मावशी कन्नड. म्हणून एलसीडी सोडून दिला आणि सहा एलईडी लावले, प्रत्येकापुढे दोन्ही लिपींत पट्टी. मावशींना एकदा दाखवलं, पुन्हा विचारावं लागलं नाही.

चाचणी

मोटार लगेच जोडू नका. मोटार, व्हॉल्व आणि ड्रेनच्या जागी ६० वॅटचे पिवळे बल्ब लावा, मोटारीच्या दोन दिशांना दोन. पूर्ण फेरा बल्बवर बघा. दोन्ही दिशांचे बल्ब एकदम पेटले तर वायरिंग चुकलं. मग मोटार जोडा, पण १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवून, म्हणजे शॉर्ट असेल तर बल्बच पेटून राहील. त्यानंतर सिरीज काढून रिकामं, मग पाण्यासकट, मग दोन जुन्या चादरी टाकून. पहिले दहा दिवस मशीन चालू असताना घरात माणूस हवाच, रात्री लावून झोपू नका.

सगळं जमलं की कार्डाच्या तारांच्या बाजूला वाइंडिंगवाल्याकडचं वार्निश दोन हात द्या, सेन्सर आणि बटणांचे जोड सोडून. डबा प्लॅस्टिकचा, झाकण घट्ट, तारा खालून आत न्या म्हणजे थेंब तारेवरून घरंगळून आत जाणार नाही. मशीनच्या तळाला उघडी जागा असेल तर बारीक जाळी मारा, उंदीर तिथूनच येतो. आणि सर्किटचा आराखडा कोणत्या रंगाची तार कुठे जाते ते लिहून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, मागच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला चिकटवा, मराठीत आणि कन्नडमध्येही. पुढच्या वेळी झाकण उघडणारा मेकॅनिक कोण असेल सांगता येत नाही.